बोट घेतली, शिकवणार कोण?

अमेरिकेत मोटारगाडी चालवायची म्हटली की आधी लेखी परीक्षा, मग शेजारी परीक्षक बसवून रस्त्यावरची परीक्षा आणि त्यानंतर परवाना. बोटीचं मात्र तसं नाही. खिशात पैसे असले की दोन-तीनशे अश्वशक्तीची बोट विकत घ्यायची आणि त्याच दुपारी पाण्यात घालायची, याला कित्येक राज्यांत कालपरवापर्यंत कुणाची हरकत नसे. हौशी बोटवाल्यांसाठी देशभर चालेल असा परवाना तिथे आजही नाही. राज्यं आपापल्या मगदुराप्रमाणे नियम करतात. कॅलिफोर्नियाने २०१८ साली तरुणांपासून सुरुवात केली, दरवर्षी वयाची मर्यादा वर सरकवली आणि १ जानेवारी २०२५ पासून मोटारबोट चालवणाऱ्या प्रत्येकाला प्रशिक्षणाचं कार्ड बंधनकारक केलं. न्यूयॉर्क राज्यानेही टप्प्याटप्प्याने हेच केलं.

आणि रस्त्यावर निदान पट्टे असतात, पाट्या असतात, सिग्नल असतो. पाण्यावर यातलं काही नाही. बोटीला ब्रेकही नसतो. इंजिन बंद केलं तरी ती पुढे जात राहते, वारा तिला एकीकडे ढकलतो आणि प्रवाह दुसरीकडे ओढतो. पहिल्यांदा धक्क्याला बोट लावणारा माणूस हे पाच मिनिटांत शिकतो, पण बहुधा शेजारच्या बोटीच्या खर्चाने.

अमेरिकन तटरक्षक दल दरवर्षी हौशी बोटींच्या अपघातांचा अहवाल काढतं. २०२३ साली अशा अपघातांत ५६४ माणसं गेली. मृत्यूचं कारण नक्की समजलं त्यांपैकी तीन चतुर्थांश लोक बुडून मेले आणि बुडालेल्यांपैकी ८७ टक्क्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. वादळात सापडलेलं गलबत वगैरे चित्र डोळ्यांसमोर आणू नका. यातले पुष्कळ अपघात शांत पाण्यात आणि लहान बोटींवर झालेले असतात. कुणीतरी मासा ओढायला उभा राहतो, तोल जातो आणि संपतं.

त्याच अहवालातला आणखी एक आकडा सगळीकडे उद्धृत होतो. बोट चालवणाऱ्याच्या प्रशिक्षणाची माहिती मिळाली अशा घटनांमध्ये ७५ टक्के मृत्यू हे कोणतंही शिक्षण न घेतलेल्या चालकांच्या बोटींवर झाले. हा आकडा जरा जपून वापरावा. एकूण बोटवाल्यांत शिकलेले किती आणि न शिकलेले किती हे सोबत सांगितल्याशिवाय त्यातून फार काही सिद्ध होत नाही. पण कार्ड सक्तीचं करण्याच्या बाजूने भांडणारे लोक त्यावर भर देतात आणि त्यांचा रोख चुकीचा आहे असं मला वाटत नाही. १९७३ साली याच देशात अशा अपघातांत १,७५४ माणसं मेली होती. नंतर बोटी वाढल्या, तरी मृत्यू एक तृतीयांशावर आले. याचं श्रेय १९७१ च्या बोट-सुरक्षा कायद्याला आहे, छोट्या बोटी उलटल्या तरी तरंगत राहाव्यात म्हणून त्यांत फोम भरायला लावणाऱ्या नियमांना आहे आणि संध्याकाळी शाळेच्या वर्गात फळ्यापुढे उभं राहून एकही पैसा न घेता शिकवणाऱ्या काही हजार लोकांनाही आहे. हे प्रकरण त्या लोकांबद्दल आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेट्रोलवर चालणारं इंजिन लहान झालं, स्वस्त झालं आणि बोटीत बसलं. तोवर शीड हाताळायला वर्षं घालवावी लागत. वारा, भरती, प्रवाह हे सगळं अंगात मुरल्याशिवाय कुणी किनारा सोडत नसे. आता एक दांडा फिरवला की बोट निघू लागली. शिडाची बोट माणसाला शिकायला भाग पाडायची, मोटारबोटीने ती सक्ती काढून घेतली. अमेरिकन काँग्रेसने १९१० साली मोटारबोट कायदा केला आणि दिवे, भोंगा, तरंगण्याची साधनं बोटीवर ठेवायला लावली. पण दिवा बसवणं वेगळं आणि समोरच्याच्या दिव्याचा अर्थ लागणं वेगळं.

बोस्टन यॉट क्लबमध्ये तेव्हा रॉजर अप्टन नावाचे एक पदाधिकारी होते. शिडाच्या बोटींची मिजास असलेल्या त्या क्लबात त्यांनी मोटारबोटवाल्यांची वेगळी तुकडी बांधली आणि त्यांच्याकडून नौदलाच्या धर्तीवर कवायती करून घ्यायला सुरुवात केली. रांगेत चालणं, ठरलेल्या खुणांवर एकदम वळणं, निशाणांनी निरोप देणं, असा तो प्रकार होता. बघणाऱ्यांना गंमत वाटे, पण करणाऱ्यांना बोट ताब्यात ठेवणं म्हणजे काय हे कळू लागलं. इतर क्लबांनाही ही कल्पना पटली आणि २ फेब्रुवारी १९१४ रोजी ‘युनायटेड स्टेट्स पॉवर स्क्वाड्रन्स’ची स्थापना झाली. अप्टन तिचे पहिले प्रमुख झाले. नाव लष्करी असलं तरी ही संस्था पहिल्यापासून खासगी आणि हौशी लोकांची आहे.

सहा महिन्यांत युरोपात महायुद्ध पेटलं. त्या वेळी नौदल खात्याचे सहायक सचिव होते फ्रँकलिन रूझवेल्ट, स्वतः समुद्राचे वेडे. ज्यांना नकाशा वाचता येतो आणि छोटी बोट हाकता येते अशी माणसं घरबसल्या तयार होताहेत हे त्यांनी हेरलं आणि स्क्वाड्रन्सना पाठिंबा दिला. त्यांच्याच सांगण्यावरून ‘मोटर बोटिंग’ मासिकाचे संपादक चार्ल्स चॅपमन यांनी छोट्या बोटी हाताळण्यावर १९१७ साली एक पुस्तिका लिहिली. पुढे ती फुगत फुगत जाडजूड ग्रंथ झाली. अमेरिकेत आजही बोटवाल्याच्या घरी ‘चॅपमन’ आहे का असं विचारलं तर पुस्तकाबद्दल विचारताय हे कळतं. चॅपमन हे स्क्वाड्रन्सच्या सुरुवातीच्या सदस्यांपैकी. पुढे तेही प्रमुख झाले. १९३८ साली सरहद्दीपलीकडे कॅनडातल्या विंडसर शहरात तशीच संस्था उभी राहिली. १९३९ मध्ये अमेरिकन काँग्रेसने तटरक्षक दलाला जोडून नागरिकांचं स्वयंसेवक दल सुरू केलं, त्याला आता ‘कोस्ट गार्ड ऑक्झिलरी’ म्हणतात. दोन्हीकडचे लोक शिकवतात आणि बोटी तपासतात. फरक एवढाच की ऑक्झिलरी सरकारी छत्राखाली आहे आणि स्क्वाड्रन हा शेवटी क्लब आहे.

क्लब म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिरवळ, बार आणि पांढऱ्या टोप्या येतात. टोप्या इथे होत्या, अजून थोड्या आहेत. बाकी हा कारभार बराचसा आपल्या गणेशोत्सव मंडळासारखा चालतो. अध्यक्षाला ‘कमांडर’ म्हणतात, पण खुर्च्या मांडायलाही तोच असतो. एक शिक्षणप्रमुख, एक खजिनदार, एक सचिव, वर्गणी, वार्षिक जेवण आणि त्या जेवणावरून होणारी कुरबुर. सगळे बिनपगारी. दिवसा कुणी दंतवैद्य, कुणी प्लंबर, कुणी निवृत्त शिक्षिका.

नवा माणूस बहुधा सुरक्षित बोटिंगच्या वर्गातून आत येतो. हा सुमारे आठ तासांचा अभ्यासक्रम आहे. तो पुरा करून परीक्षा दिली की राज्याच्या कार्डाला चालतो. पूर्वी ही परीक्षा दिल्याशिवाय क्लबचं सदस्यत्व मिळत नसे. ती अट नंतर सैल झाली. वर्गात सांगितल्या जाणाऱ्या बहुतेक गोष्टी ऐकताना अगदी साध्या वाटतात. रात्री बोटीच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा. तुमच्या मार्गाला आडवी येणारी मोटारबोट लाल दिवा दाखवत असेल तर ती तुमच्या उजवीकडून येते आहे आणि वाट तुम्ही द्यायची. दोन बोटी समोरासमोर आल्या तर दोघांनीही उजवीकडे वळायचं. भोंगा एकदा थोडक्यात वाजवला तर ‘मी उजवीकडे वळतो’, पाच वेळा भरभर वाजवला तर ‘तुमचं काय चाललंय ते मला कळत नाही’. आणि सगळ्यांत उपयोगाचं म्हणजे दूरची बोट जवळ येत असूनही तुमच्या नजरेतून तिची दिशा बदलत नसेल, तर टक्कर ठरलेली आहे.

याच्या पुढे गेलं की गणित येतं, तेही पाचवीच्या पोराला जमेल असं. अंतराला साठने गुणा. ते वेग आणि मिनिटं यांच्या गुणाकाराइतकं असतं. बारा नॉट वेगाने तीन सागरी मैल जायचं आहे. तीन गुणिले साठ एकशे ऐंशी, भागिले बारा, पंधरा मिनिटं. सागरी मैल १,८५२ मीटरचा. म्हणजे घड्याळ लावून सुकाणू एका दिशेला धरलं तर पंधराव्या मिनिटाला ठरलेलं बोयं, म्हणजे पाण्यावरची तरंगती खूण, दिसायला हवं. दिसलं नाही तर? तर प्रवाहाने तुम्हाला कुठे नेलं याचा विचार लगेच सुरू करायचा, अर्ध्या तासाने नव्हे. मोबाइलमध्ये नकाशा असताना हा खटाटोप कशाला, असं तरुण मुलं विचारतातच. मोबाइल ओला होतो, चार्जिंग संपतं, आणि मुख्य म्हणजे पडद्यावरचा ठिपका तुम्ही आत्ता कुठे आहात ते सांगतो. पंधरा मिनिटांनी कुठे असायला हवं होतं याची चिंता त्याला नसते.

नांगराचा धडा त्याहून मजेदार. नवशिक्याला वाटतं, नांगर जड असतो म्हणून बोट जागेवर राहते. नांगर धरतो तो तळावर आडवा ओढला गेल्यामुळे, आणि त्यासाठी दोर लांब सोडावा लागतो, खोलीच्या पाच ते सातपट. पण खोली कुठली मोजायची? बोस्टनजवळच्या एखाद्या खाडीत तुम्ही ओहोटीच्या वेळी पोहोचलात. पाणी दहा फूट. बोटीचं पुढचं टोक पाण्यापासून चार फूट वर, तेही धरायचं. झाले चौदा, गुणिले सात अठ्ठ्याण्णव. अठ्ठ्याण्णव फूट दोर सोडून तुम्ही निवांत झोपलात. रात्री भरती आली, आणि तिथे भरती साधारण नऊ फुटांची. म्हणजे चौदाचे तेवीस झाले आणि दोर हवा होता एकशे एकसष्ट फूट. पहाटे जाग येते तेव्हा बोट दुसऱ्याच्या बोटीला टेकलेली असते. आपल्या कोकणातल्या तांडेलाला हे सांगावं लागत नाही, उधाण आणि भांग त्याच्या पंचांगात असतं. शनिवार-रविवारी तलावावरून समुद्रावर येणाऱ्या शहरी माणसाला मात्र सांगावं लागतं, कारण तलावाला भरती नसते.

एक गोष्ट आपल्या लोकांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखी. बंदरात शिरताना लाल बोयं कुठल्या हाताला ठेवायचं यावर जगाचे दोन गट आहेत. अमेरिका, जपान वगैरे एका गटात. तिथे समुद्रातून आत येताना लाल उजवीकडे. भारत आणि युरोप दुसऱ्या गटात. आत येताना लाल डावीकडे. मुंबई किंवा गोव्यात बोटीवर हात बसलेला माणूस न्यू जर्सीत जुन्या सवयीने सुकाणू धरेल तर तो खडकाकडे किंवा गाळाकडे जाईल.

क्लबातली माझ्या मते सर्वांत शहाणपणाची पद्धत म्हणजे बोटीची मोफत तपासणी. हंगामाच्या सुरुवातीला बोट उतरवायच्या उतारावर एक स्वयंसेवक हातात फळी आणि कागद घेऊन उभा असतो. समजा, वीस फुटी बोट आहे आणि आत पाच माणसं. तो आधी नोंदणी क्रमांक पाहतो. मग पाच लाइफ जॅकेट काढायला सांगतो. ती आहेत, पण दोन अजून दुकानाच्या प्लास्टिकमध्येच बांधलेली. ती फोडायला लावतो, कारण बुडणारा माणूस प्लास्टिक फाडत बसणार नाही. सात वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाचं जॅकेट घातलेलं दिसतं. तो खांद्याच्या पट्ट्या वर उचलतो, जॅकेट तिच्या कानांपर्यंत जातं. हे चालणार नाही. तेरा वर्षांखालच्या मुलाने बोट चालू असताना योग्य मापाचं जॅकेट घातलेलं असावं लागतं. मग फेकायची गादी आहे का. अग्निशामक नळकांड्यावरची तारीख, कारण एकदा वापरून टाकायचं नळकांडं बारा वर्षांनंतर बाद धरतात. धोक्याच्या वेळी पेटवायच्या मशाली, त्या बेचाळीस महिन्यांनी बाद. भोंगा वाजवून दाखवा. दिवे लावून दाखवा. इंजिन आत बसवलेलं असेल तर पंखा चार मिनिटं चालवूनच चावी फिरवता ना? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते आणि ठिणगीची वाट पाहते.

सगळं जमलं तर काचेवर लावायला त्या वर्षाचा स्टिकर मिळतो. जमलं नाही तर काहीच होत नाही. दंड नाही, पोलिसांना कळवणं नाही. काय कमी आहे तेवढं सांगून स्वयंसेवक म्हणतो, आणा आणि परत या. हीच त्यातली मेख आहे. खाकी किंवा निळा गणवेश समोर आला की माणूस दडवतो. शेजारच्या धक्क्यावरचा बोटवाला आला की दाखवतो.

लाइफ जॅकेटबद्दलचं ‘मला पोहता येतं’ हे उत्तर अमेरिकेतही ऐकू येतं. त्याचा समाचार मॅनिटोबा विद्यापीठातले संशोधक गॉर्डन गीसब्रेक्ट यांच्या कामाने घेतला. थंडगार पाण्यात स्वतः उतरून प्रयोग करणारा हा माणूस. त्याने सोप्या शब्दांत एक हिशेब मांडला, एक-दहा-एक. गार पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास आपल्या ताब्यात नसतो. छाती आपोआप भात्यासारखी हापसते आणि त्यात तोंड पाण्याखाली असेल तर खेळ तिथेच संपतो. त्यानंतर हातापायांत काम करण्याइतकी शक्ती राहते ती साधारण दहा मिनिटं. मग बोटं वळत नाहीत, दोर धरता येत नाही, पोहणं जमत नाही. शुद्ध हरपायला मात्र जवळपास एक तास लागतो. म्हणजे जॅकेट अंगात असेल तर मदत यायला तास मिळतो आणि नसेल तर मिनिटं. मे महिन्यात मेन राज्याच्या किनाऱ्यावर ऊन छान पडलेलं असतं आणि पाणी जीवघेणं गार असतं. वर्गात हा भाग ऐकताना सहसा कुणी मोबाइलकडे बघत नाही.

याच्या जोडीला क्लबात मानमरातब भरपूर आहेत आणि बाहेरच्याला ते हास्यास्पद वाटू शकतात. नकाशा, पुढचा नकाशा, मग ताऱ्यांवरून स्थान काढणं अशा पायऱ्या चढत गेलं की नावापुढे अक्षरं लागतात. वर्षभर चांगलं काम केलं की एक ‘मेरिट मार्क’ मिळतो; असे पंचवीस साठले की तहहयात सदस्यत्व. संस्थेचं निशाण उभ्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, कोपऱ्यात लाल चौकोन, त्यात नांगर आणि तेरा तारे. ते बोट सदस्याच्या ताब्यात असेल तरच फडकवायचं. बोट त्याच मालकाची, पण आज सुकाणूवर बिगरसदस्य मेहुणा आहे, तर निशाण उतरवायचं. या नियमाचं मला कौतुक वाटतं. सावध माणूस हा पार्टीत सहसा थट्टेचा विषय असतो. पट्ट्या आणि अक्षरांनी त्या सावधपणाला थोडा तोरा आणला. त्याच तोऱ्याची दुसरी बाजू अशी की बायकांना पूर्ण सदस्यत्व द्यायला या संस्थेने १९८२ साल उजाडू दिलं. तोवर त्या वर्गात बसत, परीक्षा देत, घरातल्या पुरुषांपेक्षा जास्त गुणही मिळवत असतील, पण सदस्य नसत.

आता संस्थेला निराळीच अडचण आहे. कार्ड सक्तीचं झालं, तसं ते घरी सोफ्यावर बसून इंटरनेटवर मिळू लागलं. संध्याकाळचे वर्ग ओस पडू लागले, सदस्य घटले, उरलेल्यांचे केस पिकले. २०१७ मध्ये संस्थेने लोकांसमोर जाताना ‘अमेरिकाज बोटिंग क्लब’ हे नवं नाव घेतलं. ‘पॉवर स्क्वाड्रन’ ऐकून लोकांना काय समजायचं ते समजत नव्हतं. जोर आता प्रत्यक्ष पाण्यावरच्या शिकवणीवर आहे. ते योग्यच आहे. पडद्यावर पंचवीस प्रश्नांची उत्तरं देता आली म्हणजे आडव्या वाऱ्यात बोट धक्क्याला लावता येते असं नाही, आणि कार्ड खिशात असलेल्या माणसाला पुन्हा कुणी विचारत नाही. क्लबात विचारतात. गेल्या खेपेला तुमचं जॅकेट फाटलेलं होतं, शिवलं का, असं विचारणारा माणूस कायद्याने नेमता येत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाची दुसरी टोकं दिसतात. २१ मे २०२४ रोजी उजनी धरणाच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली. त्याच वर्षी १८ डिसेंबरला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाची बोट धडकली. दोन्ही ठिकाणच्या बळींपैकी बहुतेक प्रवासी होते, हौशी बोटवाले नव्हते, म्हणून अमेरिकेतला क्लब उचलून इथे ठेवला की झालं असं म्हणता येणार नाही. धरणात बोट चालवणारा हा पोटासाठी चालवतो. त्याला मेरिट मार्क देऊन काय होणार? त्याच्यासाठी गोव्यात करंझाळे इथल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेसारख्या जागा आहेत, तिथे बोट हाताळणं आणि जीवरक्षणाचं रीतसर शिक्षण मिळतं. मात्र धरणाकाठची फार्महाउसं, जलक्रीडेचे अड्डे आणि स्वतःची बोट घेणारे लोक वाढताहेत, आणि त्यांना हंगामाच्या सुरुवातीला उतारावर उभं राहून, दंड न लावता, ‘जॅकेटं काढा बघू’ म्हणणारं कुणी नाही.

अमेरिकेत उन्हाळ्यात तळ्यावर पाँटून बोट भाड्याने घेऊन, डबे आणि पोरंबाळं घेऊन निघणाऱ्या मराठी मंडळींना मात्र दार उघडं आहे, आणि त्यांना अडवणारा गैरसमज बहुधा एकच असतो, की आपली स्वतःची बोट नाही. या क्लबात यायला बोट असावी लागत नाही. उलट बोट नसलेला सदस्य लवकर सगळ्यांच्या ओळखीचा होतो, कारण सरावाच्या दिवशी प्रत्येक बोटवाल्याला दोर धरायला आणि नकाशावर रेघा मारायला एक हात कमी पडत असतो.